बाबांचा थर

आमच्या घराच्या मागच्या भिंतीत एक खिळा आहे. त्या खिळ्याला 'आज' म्हणायचं असं आम्ही ठरवलं होतं. खिळ्याला कपडे वाळत घालायची निळी दोरी बांधली आणि मुलांना सांगितलं, एक हात दोरी म्हणजे शंभर वर्षं. मग दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला सुरुवात केली. धाकटा सहा वर्षांचा. त्याचा चिमटा खिळ्याला जवळजवळ चिकटूनच बसला. थोरली नऊ वर्षांची, तिचा त्याच्या शेजारी. आजीचा चिमटा एका हाताच्या आतच संपला तेव्हा दोघंही खट्टू झाली, कारण आजी फार जुनी आहे असा त्यांचा समज होता. शिवाजी महाराज पडवी संपायच्या आत आले. सातवाहन आंब्याच्या रोपापाशी. हडप्पाला मात्र आमची जागा पुरेना. दोरी फाटकातून बाहेर काढून शेजारच्या गोठ्याच्या खांबाला बांधावी लागली.

शेजारी म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही ही जागा घेतली ते शेतकरी. सत्तरीचे आहेत. ते दोरीकडे बघत म्हणाले, "सायेब, म्हशीच्या गळ्यात आडकंल की ह्ये."

धाकटा म्हणाला, "आजोबा, तुमची म्हैस हडप्पात उभी आहे."

"आसूं दे. दूध तितंच दिल का आता?"

"आणि डायनोसॉर कुठे?" धाकट्यानं मला विचारलं. मी मनात हिशोब केला आणि सांगितलं की ती दोरी मुंबईच्याही पुढे, गुजरातेत जाईल. तो बराच वेळ उत्तरेकडे बघत उभा राहिला.

थोरलीनं मात्र एकच प्रश्न विचारला. "कशावरून?"

हा शब्द ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. आधी आम्ही बावधनला फ्लॅटमध्ये राहायचो. थोरली जवळच्याच शाळेत होती. तिला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' विचारायची सवय. पहिल्या वर्षी शिक्षिकांना कौतुक वाटलं, पुढच्या वर्षी कंटाळा आला, आणि मग वर्गातल्या मुलांनी तिचं नावच 'कशावरून' ठेवलं. तास सुरू झाला की मागच्या बाकांवरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "कशावरून?" आणि सगळे हसायचे. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. आम्ही पौड आणि घोटावडे यांच्या मधल्या या गावात घर बांधून राहायला आलो, शाळा तीच राहिली, फक्त बसचा प्रवास वाढला. सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले पोटाला काही झालेलं नाही. घरीसुद्धा ती काही विचारेनाशी झाली. जे सांगू ते मान डोलावून ऐकायची. नऊ वर्षांच्या मुलीनं असं सगळं पटल्यासारखं ऐकत राहावं, ते बघवत नव्हतं.

एक वर्ष घरी शिकवू, असा हट्ट माझा होता. बायको रोज हिंजवडीला जाते. मी घरून काम करतो. ती म्हणाली, "एक वर्ष. पण तिची शाळा सोडवलीस म्हणून तू स्वतःला खात बसणार असशील तर आत्ताच सांग." ती मला चांगली ओळखते. पाऊस पडला नाही तरी मला आपलीच काहीतरी चूक वाटते, असं ती पाहुण्यांना सांगते. धाकट्यालाही बालवर्गातून काढलं, कारण ताई घरी आणि आपण बसमध्ये हे त्याला मान्य नव्हतं.

गणित, भाषा हे सगळं जमत होतं. पण थोरली पुन्हा विचारू लागली ती प्राचीन इतिहासामुळे. हडप्पाच्या विटा एकसारख्या होत्या, म्हटलं की ती विचारायची, "कशावरून?" मग चित्रं बघायची, मोजमापं वाचायची. आपल्याच जिल्ह्यात शिरूरकडे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव जमिनीखाली सापडलं, ते जव पिकवायचे, म्हटलं की पुन्हा, "कशावरून?" जळालेले दाणे सापडले, म्हणून. "मग न जळालेले?" ते कुजले. "म्हणजे जे जळतं ते उरतं?" मला हे कधी सुचलं नव्हतं. मी तिला सांगून टाकलं की इतिहास म्हणजे 'कशावरून?' विचारणं, दुसरं काही नाही. आणि जो सांगणारा या प्रश्नावर चिडेल त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ती खूश होऊन गेली.

आणि मग मला ती कल्पना सुचली.

मुलांना खणायला मिळालं तर किती मजा येईल, एवढंच डोक्यात होतं. घरातला मातीचा तवा मी फोडला. एक जुना माठ होता, त्याचेही तुकडे केले. त्यावर गेरूनं रेघा आणि मासे काढले, चहाच्या पाण्यात भिजवले, राख चोळली. बायकोची एक माळ तुटून पडली होती, तिचे मणी घेतले. आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी, घरचे उठायच्या आत, मागच्या अंगणात गुडघाभर खड्डा खणून हे सगळं नीट थरांत पुरलं.

कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या आजोबांचं डोकं वर आलं. हातात तांब्या होता.

"काय पुरताय सायेब? उतारा का काय?"

"नाही नाही. शाळेचं काम आहे."

"शाळा पुरताय?" ते म्हणाले. "बरं हाय. लई माजल्यात हल्ली." आणि गेले.

काही आठवडे जाऊ दिले. मग एका रविवारी सुतळीनं चौकोन आखला, मुलांच्या हातात खुरपी आणि रंगाचे ब्रश दिले आणि म्हटलं, चला, आपल्याही अंगणात काही सापडतं का बघू. हे बोलताना जीभ किंचित अडखळली होती. तेव्हा सांगायला हवं होतं, हा खेळ आहे म्हणून. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे कुणी राहायचं?" मी म्हणालो, "काय माहीत!" हे दोन शब्द खोटे नव्हते, आणि तेच माझं खोटं होतं.

पहिला तुकडा धाकट्याला सापडला. तो ओरडत नाचला. थोरली नाचली नाही. तिनं तो तुकडा तळहातावर घेतला, ब्रशनं माती झटकली, माशाचं चित्र दिसलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला इतकी गप्प आणि इतकी आनंदी कधीच पाहिली नव्हती.

धाकट्यानं तुकडा नाकाला लावला. "ताई, हडप्पातले लोक चहा प्यायचे?"

"काहीही! जुन्या मातीला असाच वास येतो."

'कशावरून?' तिनं विचारलंच नाही. इतके महिने खपून जे परत मिळवलं होतं ते माझ्यासमोर तिच्या हातातून सुटत होतं, आणि सोडवणारा मीच होतो. तिला ते खरं असायला हवं होतं, आणि मी बाबा होतो.

आठवडाभर ती रोज खुरपं घेऊन खणत राहिली. मणी निघाले, तव्याची कड निघाली. मी मुद्दाम कामाच्या मागे लागून घरात बसायचो. शुक्रवारी तिनं जेवताना जाहीर केलं, "आई, सोमवारी पौडला जायचं. तहसील ऑफिसात सांगायचं. बाबा म्हणाला होता, जमिनीत प्राचीन वस्तू सापडली तर सरकारला कळवावं लागतं." खरंच मी तसं शिकवलं होतं.

बायकोनं ताटाशेजारी ठेवलेल्या वाटीतला एक मणी उचलला. दिव्याकडे धरला. माझ्याकडे पाहिलं. जेवणं झाल्यावर ओट्यापाशी भांडी आवरताना म्हणाली, "माझी माळ हडप्पात कशी गेली रे?"

मी सांगितलं. ती आधी हसली, अगदी ओट्याला धरून हसली. मग थांबली.

"तिला शाळेतून का काढलं आपण?"

"माहितीये मला."

"शाळेतल्यांनी तिला विचारू नको म्हटलं. तू तर विचारायची गरजच ठेवली नाहीस." ती हात पुसत म्हणाली. "पौडला जायच्या आत सांग."

शनिवारी सकाळी मी सांगायचं ठरवूनच मागे गेलो. थोरली खड्ड्यात उतरलेली होती. तिनं माझ्या खड्ड्याच्या तळाखाली खणायला सुरुवात केली होती. आमच्या जागेवर वर लाल मुरमाचा भराव आहे, घर बांधताना टाकलेला. माझं सगळं उत्खनन त्या मुरमातच होतं. ती मुरूम संपवून खालच्या काळ्या मातीला पोचली होती, आणि तिथे मी काहीच पुरलेलं नव्हतं.

तिथे राख होती. काळवंडलेले तीन दगड होते. अर्धवट जळालेली काटकी, आणि हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा.

"हे काय, नुसता कचरा," ती म्हणाली, आणि राख खुरप्यावर घेऊन बाहेर फेकायला लागली. "ह्याच्यावर चित्र पण नाही."

"थांब!" मी ओरडलो. ती दचकली. "टाकू नकोस. ते खरं आहे."

"म्हणजे?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. ते खरं आहे हे सांगायचं तर बाकीचं काय आहे तेही सांगायला हवं होतं. मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि सांगितलं. जमेल तसं, पुढचं मागे, मागचं पुढे. तिनं मध्ये काही विचारलं नाही. धाकटाच विचारत होता.

"तवा तू मुद्दाम फोडलास?"

"हो."

"तू तर आईला सांगितलंस आजोबांच्या मांजरानं पाडला!"

"हो."

"मांजराची पण माफी मागायला लागेल," तो गंभीरपणे म्हणाला.

थोरलीनं खड्ड्याच्या काठावर ठेवलेल्या वाटीतला मणी उचलला. "आईचा?" मी मान हलवली. "मासे?" मी काढले. "आणि दोरी?"

"दोरी काय?"

"दोरी पण तूच बांधलीस. हडप्पा आहे का?"

"आहे गं. खरंच आहे."

"कशावरून?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर उरलं होतं: मी सांगतो म्हणून. तेच नेमकं आता चालणार नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मग खड्ड्यातून बाहेर आली, फाटकाबाहेर जाऊन गोठ्याच्या खांबाचं टोक सोडलं आणि दोरी गुंडाळत गुंडाळत खिळ्यापर्यंत आली. वाटेत एकेक चिमटा काढून फ्रॉकच्या खिशात टाकत होती. तिचा स्वतःचा आणि भावाचा तेवढा ठेवला. आजीचाही काढला.

नंतरचे दिवस वाईट गेले. ती रागावलेली असती तर मला सोपं गेलं असतं. ती गणित करायची, मराठीचं वाचायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण इतिहासाच्या वेळी उठून धाकट्याशी खेळायला जायची. आणि पुन्हा मान डोलावू लागली होती. बायको म्हणाली, थोडा धीर धर. मी थोरलीजवळ पुन्हा पुन्हा माफी मागायला जायचो. शेवटी बायकोनंच मला अडवलं. "तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिनं किती वेळा 'ठीक आहे' म्हणायचं?" मग मी गप्प बसायला शिकलो. हे मला या वयात शिकावं लागलं.

खड्डा तसाच होता. मी बुजवला नाही आणि तिनं बुजवा म्हटलं नाही. एकदा दव पडून राख ओली होईल म्हणून कुणीतरी त्यावर जुनं घमेलं पालथं घातलेलं दिसलं. मी घातलं नव्हतं.

भात काढून झाल्यावर शेजारच्या आजोबांच्या खाचरात धनगरांच्या मेंढ्या बसायला आल्या. दरवर्षी येतात. कळप रात्रभर शेतात बसतो, लेंडीखत मिळतं, शेतकरी धान्य देतो, असा इथला जुना रिवाज. सकाळी भिंतीपलीकडे मेंढ्यांचा आवाज, घोड्यावरून उतरवलेली भांडी, जाळीत कोकरं. मुलं पळत बघायला गेली. थोड्या वेळानं मी मागच्या खिडकीतून पाहिलं तर थोरली कळपाबरोबरच्या बाईंना हाताला धरून आमच्या फाटकातून आत आणत होती. बाई साधारण माझ्याच वयाच्या असतील. मी बाहेर जाऊन पडवीच्या खांबापाशी थांबलो. पुढे झालो नाही.

थोरलीनं घमेलं उचललं. बाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि हसायलाच लागल्या.

"आगं, ही चूल हाय की! चूल बघाया मला हाताचं काम सोडून आनलंस व्हय?"

"कुणाची चूल?"

"आमचीच आसंल. तुमचं कंपौंड हुयाच्या आदूगर आमी हितंच बसायचो."

थोरलीनं खाली पाहिलं. मग म्हणाली, "तुमचीच कशावरून?"

मी खांब धरला.

"आता गं बया! मी सांगतीया न्हवं?"

"सांगून नाही चालत," थोरली म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

बाई चिडल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी पुन्हा खड्ड्यात पाहिलं, या वेळी जरा नीट. "त्वांड कुनीकडं हाय चुलीचं? तिकडं. वारं घाटाकडनं येतंय, म्हनून आमी त्वांड फिरवून मांडतो. चल, माझी आजची चूल बघ, तशीच हाय का न्हाई."

सगळे भिंतीपलीकडे गेले. मी भिंतीवरून बघत होतो. शेजारी आजोबाही येऊन उभे राहिले. बाईंची चूल खरंच तशीच होती, तीन दगड, तोंड त्याच बाजूला. धाकटा टाळ्या वाजवू लागला. पण थोरली अजून विचारात होती.

"दुसऱ्या कुणी मांडली तरी तशीच मांडतील ना? वारा सगळ्यांना तिकडूनच येतो."

"व्हय की," बाई म्हणाल्या. "वारं काय आमच्या एकल्याचं हाय? माझ्या दिराची मेंढरं बी बसायची हितं. त्याची बी आसंल." मग आजोबांकडे पाहून, "आजा, ही पोरगी कोर्टात घाला. वकिलाला खाईल."

"बापाला खाल्लंय आधी," आजोबा म्हणाले. "शाळा पुरत हुता त्यो."

बाई भाकरी थापायला बसल्या. थोरली तिथेच उकिडवी बसून राहिली. बाईंनी आमच्या भिंतीकडे हात करून सहज म्हटलं, "आता भित घातली. हितनं मेंढरं फिरत न्हाईत." त्यात तक्रार नव्हती. तरी ते मला लागायचं तिथे लागलं.

दुपारी थोरली मापपट्टी आणि रंगीत खडू घेऊन खड्ड्यात उतरली. बऱ्याच वेळानं मला हाक मारली. "बाबा, इकडे ये."

खड्ड्याच्या उभ्या कडेवर तिनं खडूनं रेघा मारल्या होत्या आणि कागदाचे कपटे काड्यांनी टोचले होते. सगळ्यात खाली, काळ्या मातीशी: 'चूल. मावशींची किंवा त्यांच्या दिरांची. नक्की नाही.' वर मुरमात, जिथून माझे तुकडे निघाले होते तिथे: 'बाबांचा थर.'

"तू चुकलासच," ती म्हणाली. "हा मुरूम डंपरनं आला तेव्हा मी पहिलीत होते. मी डंपर मोजत बसले होते. तू हडप्पा त्याच्यात पुरलंस. खालच्या मातीपेक्षा वरची जुनी कशी असेल?" तिच्या आवाजात राग होता, पण त्याखाली दुसरंही काहीतरी होतं. मला वाटतं, जिंकल्याचा आनंद. "खोटं पण नीट करता आलं नाही तुला."

"नाही आलं," मी म्हणालो.

"मी आधीच ओळखायला पाहिजे होतं."

"नाही गं. तुझी चूक नाही."

"चूक नाही म्हणत मी. पुढच्या वेळी ओळखेन." आणि तिनं माशाचे तुकडे माझ्या हातात दिले. "हे फडताळात ठेव. टाकू नकोस. हे पण सापडलेलंच आहे."

ते तुकडे आता फडताळात आहेत, चुलीतली अर्धी काटकी आणि हिरवी काच यांच्या शेजारी. प्रत्येकाखाली तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे. पौडला आम्ही गेलो नाही. मांजराला धाकट्यानं माझ्या वतीनं दूध पाजलं. मागचं फाटक मी रुंद करून घेतोय. भिंत काही पाडता येणार नाही, पण पुढच्या वर्षी मागच्या अंगणात काही मेंढ्या बसल्या तर बसू देत, असं आजोबांना सांगितलंय. ते म्हणाले, "फुलझाडं खातील." खाऊ देत.

निळी दोरी पुन्हा बांधली आहे, पण नियम तिचा आहे. मी सांगितलं म्हणून चिमटा लागत नाही. आजीचा चिमटा लागला तो आजीला फोन करून, तिचा शाळेचा दाखला मागवून. चुलीचा लागला, खिळ्याच्या अगदी जवळ, त्यावर कागदाचं प्रश्नचिन्ह आहे. महाराजांसाठी आम्ही किल्ल्यावर जाऊन आलो. सातवाहनांसाठी पुण्याच्या वस्तुसंग्रहालयात नाणी पाहिली, तिथल्या गृहस्थांना तिनं "कशावरून?" विचारलं, ते खुर्ची ओढून बसले आणि तिला नाण्यावरची अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. घरी आल्यावर बूटही न काढता आंब्याच्या रोपापाशी गेली आणि चिमटा लावला.

हडप्पाचा चिमटा अजून तिच्या खिशात आहे. दोरीचं टोक आंब्यापाशी गुंडाळी करून ठेवलंय. परवा आजोबा गोठ्यातून ओरडले, "सायेब, आमच्या म्हशीपत्तर कवा पोचनार ही दोरी?"

मी थोरलीकडे बोट दाखवलं.

"बघू," ती म्हणाली. "अजून पटलं नाहीये मला."